जुन्या लेडीज सायकलला मोटर बसवताना: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सायकल सेन-रॅलेची, आसनसोलच्या कारखान्यातली, साठच्या दशकातली. मधला आडवा दांडा नाही. हँडल बसतं त्या हेडपासून खाली वळत गेलेल्या दोन समांतर नळ्या. साखळी पूर्ण झाकणारी पत्र्याची गियर केस, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी, आणि तारांऐवजी लोखंडी दांड्यांवर चालणारे रॉड ब्रेक. मालकिणीच्या आई शिक्षिका होत्या, त्या हिच्यावरून शाळेत जात. आता ती पुण्यात कोथरूडच्या चढाच्या भागात राहणाऱ्या त्यांच्या मुलीकडे आहे. वय ६२, बँकेतून निवृत्त. ओळख उघड होऊ नये म्हणून इथे त्यांना नुसतं ताई म्हणतो. बाकीची पात्रं दोनच: ताईंचा इंजिनिअर भाचा आणि पेठेतले एक जुने सायकल मिस्त्री. मी जुन्या सायकली दुरुस्त करणाऱ्यांच्या गोतावळ्यातला. पहिली खरेदी होऊन गेल्यावर मला बोलावणं आलं.

ताईंनी कॉलेजात हीच सायकल चालवली, नोकरीत लूना, पुढे स्कूटर. स्कूटर विकायचं कारण चालवणं नव्हतं, उभी करणं होतं. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये शंभर किलोची गाडी मागे-पुढे सरकवताना त्यांचा हात आणि गुडघा दोन्ही कुरकुरायचे. सायकल वीस किलोच्या आतली. शिवाय दांडा नसल्याने पाय उंच टाकावा लागत नाही, पंजाबी ड्रेस असो की साडी.

अडचण

डेक्कनला किंवा मंडईत जाताना अडचण नव्हती, तो उतार. परत येताना पिशव्या आणि चढ. उजव्या गुडघ्याची झीज डॉक्टरांनी सांगितलेलीच होती. सायकल चालवू नका असं मात्र ते म्हणाले नव्हते, उलट जोर न लावता चालवा म्हणाले होते.

आकडे मांडले की अडचण नेमकी दिसते. ताई, सायकल आणि भाजी मिळून ९० किलो धरू. शेकडा ४ चा चढ ताशी १२ किलोमीटरने चढायचा तर साधारण १५० वॅट लागतात. साठीतल्या, रोजचा सराव नसलेल्या व्यक्तीने ६०-७० वॅट सलग द्यावेत हे ठीक. म्हणजे तूट ८०-९० वॅटची, तीही पंधरा-वीस मिनिटांपुरती. भाच्याच्या डोक्यात मात्र पहिल्या दिवसापासून वेग होता: "मावशी, पस्तीसने पळेल बघ!" मावशींना पस्तीसने कुठेही जायचं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

पेट्रोल इंजिनचं किट पहिल्याच बैठकीत बाद झालं. ही दोन-स्ट्रोक इंजिनं सायकलच्या त्रिकोणात दोन नळ्यांना आवळून बसवतात. लेडीज फ्रेमला तो त्रिकोणच नाही. कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांची आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनची वाहनं वगळली आहेत. बाजारातली किटं त्याच्या दुपटी-तिपटीची असतात. म्हणजे नोंदणी हवी, आणि घरी इंजिन जोडलेल्या सायकलची नोंदणी कोण करून देणार?

दुसरा पर्याय तयार वाहनाचा. ई-लूना फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्तर हजारांच्या आसपास बाजारात आली होती आणि ताईंना नावासाठीच ती आवडली होती. पण ती नोंदणीची गाडी, वजनही पुन्हा तेच. तयार इलेक्ट्रिक सायकली पाहिल्या. बहुतेकांना आडवा नाहीतर तिरका दांडा होता. ज्या एक-दोन बसायला सोप्या होत्या त्यांची सीट ताईंना उंच वाटली.

तिसरा पर्याय जुन्या सायकललाच विजेची मोटर. यात तीन जागा: मागचं चाक, पायडलची जागा, पुढचं चाक. कायदा इथे थोडा समजून घ्यावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २(यू) प्रमाणे ज्या सायकलची साहाय्यक मोटर तीस मिनिटांच्या क्षमतेने २५० वॅटपेक्षा कमी आहे, जिचा जोर ताशी २५ किलोमीटरला पोचेपर्यंत कमी होत बंद पडतो किंवा पायडल थांबताच तुटतो, आणि जिला योग्य ब्रेक व पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर आहे, ती मोटार वाहन धरली जात नाही. अट अशी की हे सगळं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेलं असावं. अशी एक संस्था, एआरएआय, कोथरूडच्या डोक्यावरच्या टेकडीवर आहे. पण ती कंपन्यांची मॉडेलं तपासते, ताईंची सायकल नव्हे. घरी बसवलेल्या किटकडे ते प्रमाणपत्र नसतं. ही उणीव ताईंना स्पष्ट सांगितली आणि निदान नियमातल्या मर्यादा काटेकोर पाळायच्या असं ठरलं. किटच्या खोक्यावर २५० वॅट छापलेलं असलं तरी ३६ व्होल्टचा कंट्रोलर १५ अँपिअर सोडतो, म्हणजे क्षणभर ५४० वॅट. त्यामुळे करंट आणि वेग दोन्हींची मर्यादा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये खाली आणून ठेवली.

पहिली खरेदी

भाच्याने किट मागवलं ते मागच्या चाकाचं, "२६ इंची". ताईंची सायकल २६ इंचीच, मग बिघडलं कुठे? आपल्याकडे २६ इंच म्हणून विकलं जाणारं चाक एकच नसतं. २६ बाय १.७५ च्या रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर, २६ बाय १½ चा ५८४, आणि २६ बाय १⅜ चा ५९०. किट ५५९ चं होतं, सायकल ५९० ची. दुसरी गोम रुंदीची. मोटरच्या हबला, म्हणजे मोटर पोटात असलेल्या चाकाच्या मधल्या भागाला, मागच्या चिमट्यात (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या नळ्यांत) १३५ मिलिमीटर जागा लागते. इथे होती ११४. पोलादी फ्रेम थोडी फाकवता येते, वीस मिलिमीटर फाकवणं म्हणजे जुन्या सांध्यांची परीक्षा.

मिस्त्रींनी किट पाहिलं आणि सांगितलं की ही मोटर बसवायची तर गियर केस कापावी लागेल, जाळी काढावी लागेल. ताई तिथेच म्हणाल्या, "मग नको." आईची सायकल म्हणून ती ठेवायची आणि तिचीच ओळख पुसायची, याला अर्थ नव्हता. यातून पुढच्या सगळ्या कामाचा एक नियम ठरला: मूळ सायकलीचं काहीही कापायचं नाही, डाग (वेल्डिंग) द्यायचा नाही, घासायचं नाही. जे निघेल ते जपून ठेवायचं, उद्या कुणाला परत जोडायचं झालं तर जोडता यावं.

पायडलच्या जागी बसणारी मोटर याच नियमाने बाद झाली. तिला कॉटरचे, म्हणजे पाचर ठोकून बसवलेले क्रँक (पायडल धरणारे दांडे) आणि गियर केस दोन्ही काढावे लागतात. राहिलं पुढचं चाक. विक्रेत्याने काही रक्कम कापून मागच्या चाकाऐवजी पुढचं दिलं. पुढच्या चाकाला मोटर म्हटलं की लोक नाकं मुरडतात, पण १९४६ पासून फ्रान्समध्ये लाखांनी खपलेल्या व्हेलोसोलेक्सचं इंजिन पुढच्याच चाकावर होतं, आणि तीही दांडा नसलेलीच गाडी.

निर्णयाचा क्षण: आधी ब्रेक

किट बदलून आलं त्या संध्याकाळी भाचा चाक बसवायला पाना घेऊनच उभा होता. मिस्त्री म्हणाले, "पळेल हो ही. थांबवायची कशी ते बघा आधी."

त्यांनी मोटर बाजूला ठेवली, जुनी सायकल जशी होती तशी सोसायटीच्या उतारावर आणली. ब्रेकची रबरं नवी घातली, दांडे नीट जुळवले. मग मगाने पाणी घेऊन दोन्ही रिमांवर ओतलं आणि भाच्याला वरून सोडलं. विजेच्या खांबापाशी थांबायचं ठरलं होतं. दोन्ही ब्रेक आवळूनही सायकल खांब ओलांडून गेली, आणि शेवटी भाच्याने चपला घासत ती थांबवली. कोरड्या रिमवर याच खांबापाशी ती आरामात उभी राहत होती.

कारण साधं आहे. रॉड ब्रेकची रबरं रिमच्या आतल्या, आऱ्यांकडच्या बाजूवर दाबली जातात. रिम क्रोम केलेल्या पोलादाची. ओल्या क्रोमवर रबर धरत नाही, पाण्याचा थर पुसला जाईपर्यंत नुसतं सरकतं. ताशी १२ किलोमीटरला हे चालून जायचं. मोटरने वेग दुप्पट केला तर थांबवायची ऊर्जा चौपट होते, ब्रेक मात्र साठ सालचाच. पुण्यात पाऊस चार महिने.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तो मगभर पाण्याने झाला. तोवरची प्रत्येक चर्चा वॅट, व्होल्ट आणि किलोमीटरची होती. जुन्या सायकलला मोटर लावण्याच्या बहुतेक गप्पा अशाच असतात. ब्रेकचा विषय निघतो तो पहिल्यांदा धडपडल्यावर.

आता पुढच्या ब्रेकचं काय करायचं? जुन्या रिममध्ये मोटर विणता आली असती तर रॉड ब्रेक राहिला असता, पण तेही शक्य नव्हतं. जुन्या ब्रिटिश पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०. मोटरच्या हबला ३६ भोकं. म्हणजे किटची अल्युमिनियमची रिमच वापरायची. एका अर्थी बरंच, कारण ओल्या अल्युमिनियमवर ब्रेक पोलादापेक्षा कितीतरी चांगला लागतो. फक्त ५५९ च्या रिमपर्यंत पोचेल असा ब्रेक जुन्या चिमट्याला लावायची सोय नव्हती.

उपाय निघाला तो चिमटाच बदलण्याचा. साध्या २६ इंची रेंजर छाप सायकलींना येतो तसा पोलादी चिमटा, पॉवर ब्रेकचे (तारेवर चालणाऱ्या, रिमला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या ब्रेकचे) खुंट आधीच जोडलेला, बाजारात सहज मिळतो. मोटरच्या एक्सलसाठी खाच थोडी रुंद करायची तर ती या नव्या चिमट्याची करायची, आईच्या सायकलीच्या चिमट्याला कानस लागणार नाही. १.७५ चा टायर जाड असल्याने चाकाची बाहेरची उंचीही जुन्या चाकाच्या जवळपास राहिली. जुन्या हेडचे आटे नव्या चिमट्याला जुळेनात, म्हणून हेडमधला, हँडल ज्यावर फिरतं तो कोन-वाट्यांचा सगळा सेट बदलला. जुना सेट, चिमटा, पुढचं चाक आणि पुढच्या ब्रेकचे दांडे ग्रीस लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले.

प्रत्यक्ष काम

बाकी जोडणी फार अवघड नव्हती, पण तीन ठिकाणी वेळ गेला.

पहिलं ठिकाण मोटरचा एक्सल. तो दोन बाजूंनी चपटा केलेला असतो आणि चपट्या बाजूंमधलं अंतर १० मिलिमीटर. मोटरने ३० न्यूटन-मीटर जोर लावला की एक्सल उलटा फिरू पाहतो आणि खाचेच्या कडांवर सुमारे ३०० किलोचा रेटा येतो. नट कितीही आवळा, तो रेटा नटाने पेलायचा नसतो. म्हणून एक्सलला पकडून चिमट्याच्या पायाला बांधणारी पोलादी पट्टी, टॉर्क आर्म, दोन्ही बाजूंनी लावली. किटमध्ये एकच होती. मिस्त्रींनी दुसरी विकत आणायला लावली. भाच्याला तो अतिरेक वाटला.

दुसरं, मागचा ब्रेक. तो रॉडचाच ठेवला, कारण मागची बाजू बदलायची नव्हती आणि थांबवण्याचं बहुतेक काम आता पुढचा पॉवर ब्रेक करणार होता. पण ब्रेक लावताच मोटर बंद व्हावी यासाठी किटमधल्या तारेच्या लिव्हरमध्ये स्विच असतो. पुढच्यासाठी तो लिव्हर उजव्या हाताला लावला. रॉडच्या लिव्हरमध्ये कुठला स्विच? इथे मिस्त्रींची नाही, भाच्याची अक्कल चालली. ब्रेक दाबला की हेडजवळचा उभा दांडा वर उचलला जातो. त्या दांड्याला त्याने छोटं चुंबक चिकटवलं आणि समोर चुंबकाचा सेन्सर क्लिपने बसवला. दांडा बोटभरही हलायच्या आत मोटर बंद पडते. काढायचं झालं तर क्लिप सोडायची, रंगावर ओरखडा नाही.

पायडल फिरतंय हे ओळखून मोटर सुरू करणारा सेन्सर बसवताना कॉटर ठोकून क्रँक काढायची वेळ आली होती. साठ वर्षांचा कॉटर हातोडीने निघताना बहुधा वाकतो. दोन भागांत उघडून एक्सलवर मिटणारी चुंबकांची चकती मिळाली आणि ते टळलं.

तिसरं, बॅटरी. या फ्रेमला बॅटरी टांगायला मधली जागा नाही. उरलं कॅरिअर किंवा पुढची टोपली. पुढे मोटरचं तीन किलो वजन आधीच होतं, म्हणून कॅरिअर. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची, म्हणजे ३६० वॅट-तासांची बॅटरी कुलपाच्या पेटीत. लिथियमच्याच लोह-फॉस्फेट प्रकारातली घ्यायची की नेहमीच्या लिथियम-आयनची, यावर वाद झाला. मार्च २०२२ मध्ये पुण्यातच लोहगावच्या भागात उभ्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला होता, तो व्हिडिओ ताईंनी पाहिलेला. लोह-फॉस्फेट जड आणि आकाराने मोठी, पण तापून पेटण्याचा धोका त्यात कमी. बॅटरी रोज घरात येणार, म्हणून तीच घेतली. चार्जिंग दिवसा, माणूस जागं असताना, ही अट ताईंनी स्वतःच घातली.

हाताने फिरवायचा थ्रॉटल बसवायचा का, यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. पायडलचा सेन्सर अर्धा फेरा झाल्यावर मोटर सुरू करतो, आणि गुडघ्याला सगळ्यात जास्त ताण येतो तो नेमका या अर्ध्या फेऱ्यात. थ्रॉटलने तो वाचला असता. दुसरीकडे, सिग्नलला हात चुकून पडला तर पुढचं चाक एकदम ओढतं. ताईंनी दोन्ही चालवून पाहिलं आणि थ्रॉटल काढायला सांगितला. त्याऐवजी सायकलवरून उतरून चालताना ढकलायला मदत करणारं, ताशी ६ किलोमीटरचं बटण ठेवलं. पार्किंगच्या रॅम्पवर त्याचाच उपयोग जास्त होतो.

परिणाम

मोटर, बॅटरी, चिमटा आणि मजुरी धरून खर्च तीस हजारांच्या घरात गेला. ताई आता चढावर सायकलवरून न उतरता येतात. सपाटीवर मोटर बंदच ठेवतात. मोटर ताशी २५ ला बंद पडेल अशी वेगमर्यादा ठेवली होती, ती त्यांनी स्वतः २० वर आणायला लावली. भाच्याने खूप समजावलं, उपयोग झाला नाही.

एक मोठा बिघाड झाला. पुढचं चाक पंक्चर झालं म्हणून ताई रस्त्यावरच्या एका दुकानात थांबल्या. तिथल्या पोराने सवयीने चाक काढलं, पंक्चर काढलं, चाक परत घातलं आणि टॉर्क आर्म कशाचे याचा उलगडा न झाल्याने ते टोपलीत ठेवून दिले. पुढच्या चढावर एक्सल खाचेत फिरला आणि एक्सलमधून बाहेर येणारी केबल पिळून तुटली. चाक निसटलं नाही, कारण नव्या चिमट्याची खाच खोल होती आणि करंट कमी ठेवलेला होता. मोटर उघडून केबल बदलावी लागली. त्यानंतर चिमट्यावर ठळक मराठीत चिठ्ठी लागली: "चाक काढू नये. ट्यूब जागेवरच काढावी." पिशवीत मोठा पानाही आला.

सुरुवातीच्या आठवड्यांत मोटरच्या चाकाचे आरे सैल पडले. नवीन विणलेल्या चाकाचं तसं होतंच; मिस्त्रींनी आउट काढला, म्हणजे आरे आवळून चाक सरळ केलं, मग त्रास नाही. पावसाळ्यात कंट्रोलरच्या जोडांमध्ये पाणी जाऊ नये म्हणून तारा आधी खाली झुकवून मग वर नेल्या, म्हणजे थेंब वळणावरूनच गळून जातो.

वेगळं काय करता आलं असतं

खरेदीच्या आधी तीन मापं घेतली असती तर विक्रेत्याने कापलेली रक्कम वाया गेली नसती: टायरवर छापलेला ५५९-५८४-५९० पैकी आकडा, दोन्ही चिमट्यांची आतली रुंदी, आणि आऱ्यांची संख्या. फूटपट्टी आणि पाच मिनिटं पुरतात.

माझा मोठा आक्षेप वेगळा आहे. सगळ्यात स्वस्त उपाय कुणी करूनच पाहिला नाही. ताईंची सीट इतकी खाली होती की पायडल वर आल्यावर गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा, आणि दुखणारा गुडघा त्या अवस्थेत जोर लावायला सगळ्यात वाईट. सीट तीन-चार सेंटिमीटर वर घेणं फुकट होतं. मागच्या चाकावर साखळी ओढते ते दात्यांचं चक्र, फ्रीव्हील, १८ दात्यांचं होतं. गियर केसमध्ये मावत असेल तर २० दात्यांचं घालून चढ दहा टक्के हलका झाला असता, काहीशे रुपयांत. एवढ्याने भागलं असतं असं नाही, ८० वॅटची तूट फ्रीव्हीलने भरत नाही. पण मग कदाचित निम्म्या क्षमतेची, हलकी बॅटरी पुरली असती. मोटर बसल्यावर सीट वर घेतली तेव्हा ताई म्हणाल्या, "हे आधी का नाही केलंत?" मिस्त्रींचं उत्तर होतं की कुणी विचारलंच नाही, सगळे मोटरबद्दलच बोलत होते.

मागचा रॉड ब्रेक ठेवण्याचा निर्णय मला अजून अर्धवट वाटतो. पुढचा ब्रेक भक्कम आहे, पण त्याची तार तुटली तर मागे पावसात भरवशाचं काही नाही. मूळ मागचं चाक माळ्यावर ठेवून अल्युमिनियम रिमचं दुसरं चाक घालता येईल, जाळी आणि गियर केसला धक्का लागणार नाही. पण नुसत्या रिमने भागत नाही, तिला धरणारा ब्रेक मागच्या नळ्यांना कुठे अडकवायचा हे सुटलेलं नाही. डाग द्यायचा नाही हा नियम ताई मोडू देत नाहीत. मिस्त्री क्लॅम्पने बसणारी पट्टी करून बघतो म्हणालेत. तोवर पुढच्या ब्रेकची तार दर पावसाळ्याच्या आधी, खराब झालेली असो वा नसो, बदलायची असं ठरलं आहे.